माझ्या बाजूचा क्लच

३ फेब्रुवारी

क्लच गेला! चढावर, भर रहदारीत. बँकेतल्या बाई शिकत होत्या. इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागे हॉर्नचा गदारोळ, आत जळका वास. बाईंनी स्टीअरिंगच सोडून दिलं – ‘सर, मी काय केलं?’ म्हटलं, सगळे करतात तेच. हाफ क्लचवर नाचवलीत गाडी.

टपावर ‘ड्रायव्हिंग स्कूल’ची पाटी, आणि मालक मागून ढकलतोय! लोकांना फुकटचा तमाशा.

५ फेब्रुवारी

मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट माझ्या हातात दिली. अगदी गुळगुळीत, रिव्हेट वर आलेले. तिला दाबून धरणारी दुसरी प्लेट तापून निळी पडलेली. गेल्या उन्हाळ्यातच तर नवी घातली होती! ‘मालक, शिकाऊ गाडीचा क्लच लवकर जातो, मान्य. पण एवढा? कोणीतरी पेडलवर पाय टाकून बसतंय.’

आमच्या गाडीत पेडल दोन्हीकडे. शिकणाऱ्याकडे असतात तशी शिकवणाऱ्याकडेही – एक क्लच, एक ब्रेक, तारेने जोडलेले. आमच्या बाजूच्या क्लचवर नुसता पाय राहिला तरी प्लेट घासतेच. शिकवणारे दोघं – मी आणि माझी धाकटी लेक. माझी उमर गेली ‘क्लचवरचा पाय काढा’ म्हणून ओरडण्यात. मग उरलं कोण?

६ फेब्रुवारी

धाकटीला बोललो. जरा जास्तच बोललो. ‘बाबा, माझा पाय खाली मॅटवर असतो. आईशप्पथ.’ म्हटलं, प्लेट खोटं बोलत नाही. तिची सकाळची बॅच काढून मी घेतली. ती ऑफिसात फोन घेईल आता.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही. लेकीची बाजू घ्यायला आईला कारण लागत नाही. जेवण मात्र वेळेवर वाढलं.

७ फेब्रुवारी

नवी प्लेट, नवं बेअरिंग. मिस्त्रीने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन खाडकन बंद पडलं. ‘क्लच घसरत असता तर इंजिन घरघरत राहिलं असतं,’ म्हणाला. झकास!

१२ फेब्रुवारी

नवा विद्यार्थी – औषधांच्या दुकानाचा मालक. पहिला धडा नेहमीचाच. गाडी बंद. डोळे मिटायचे. मी ओरडणार – क्लच! ब्रेक! – आणि न चाचपडता पाय बरोबर तिथे पडला पाहिजे. ते जमेपर्यंत मी किल्ली फिरवू देत नाही. लोक हसतात, हसू देत. माझ्या हाताखालून गेलेला माणूस पेडल शोधायला मान खाली घालत नाही. धाकटीला तर पाय पेडलला पुरायच्या आधीच शिकवलं होतं. डोळे घट्ट मिटून बसायची आणि मी ओरडायच्या आधीच ‘ब्रेक!’ म्हणायची.

आज ती फोनवर कुणाला तरी म्हणत होती, ‘नाही, सध्या मी शिकवत नाही.’ मी पेपर वाचत राहिलो.

२० फेब्रुवारी

बँकेतल्या बाई म्हणतात, ‘सर, क्लच आपोआप खाली जातो.’ आपोआप! नाचता येईना, अंगण वाकडं. चांगलंच झापलं. उतरताना डोळे पुसत होत्या बहुतेक.

२ मार्च

वास. पुन्हा!

३ मार्च

धाकटी तर नवी प्लेट घातल्यापासून गाडीत बसलेलीच नाही. म्हणजे मिस्त्रीने नवी म्हणून जुनीच प्लेट मारली असणार. जाऊन भांडलो. तो चिडला नाही, तेच जास्त झोंबलं. फडक्याला हात पुसत म्हणाला, ‘मालक, तुमच्या बाजूच्या पेडलला ग्रीस फासतो. उद्या संध्याकाळी बूट दाखवा. बुटाला ग्रीस नसेल, तर चूक माझी.’

‘फास!’ म्हणालो. चार लोकांदेखत.

४ मार्च

डाव्या बुटाचा तळ काळाकुट्ट.

पण मी पाय ठेवलाच नव्हता! दिवसभर ध्यानात होतं, पाय मॅटवर, पाय मॅटवर. मिस्त्री हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. ‘प्लेट अजून तगेल. तुम्ही डॉक्टरला पाय दाखवा,’ एवढंच म्हणाला.

घरी येऊन मोजा काढला. कात्रीचं टोक तळव्याला लावलं. मग जरा दाबलं. रक्ताचा थेंब आला आणि मला पत्ताच नाही. गुडघ्याखाली दुसऱ्याच कुणाचा पाय बसवलाय जणू.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान! भीती वाटते आहे. दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो – फार भीती वाटते आहे.

७ मार्च

साखर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बरीच वर्षं असणार, तुम्ही कधी तपासलीच नाहीत. पायाच्या नसा गेल्यात. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळायचं. ‘दुसरा पायही बघू. सहसा एकटा नसतो.’

म्हटलं, उजवा ठणठणीत आहे. घाईत आहे, पुढच्या वेळी बघा. बूट काढलाच नाही. ही शेजारीच बसली होती. माझ्याकडे बघत राहिली.

बरं, शिकवणाऱ्याला क्लचचं काय काम? त्याला ब्रेक लागतो. ब्रेक उजव्या पायाचा. डावा सीटखाली दुमडून बसेन. झालं!

८ मार्च

धाकटीसमोर जाऊन उभा राहिलो. ‘चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. चुकलो.’ तिने खुर्ची पुढे केली. ‘पाय कसा आहे?’ एवढंच. वाटलं होतं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

‘उद्यापासून तुझी बॅच तुला.’

‘आणि तुमची?’

‘माझी मला. उजवा आहे ना!’

तिने बॅचची वही पुढे ओढली.

११ मार्च

सायकलवर एक शाळकरी मुलगी आडवी आली. औषधवाल्याला काही सुचलं नाही, आणि माझाही ब्रेक उशिरा लागला. वीतभर अंतर राहिलं. पोर तशीच पुढे गेली, मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. रस्त्यावर वाळू होती. नक्की होती.

१३ मार्च

औषधवाल्याने घरी फोन करून सायकलचं सगळं धाकटीला सांगितलं म्हणे. चोंबडा!

१४ मार्च

सकाळी मैदानात गाडी उभी. धाकटी स्टीअरिंगवर, किल्ली तिच्या मुठीत. ‘बसा बाबा. पहिला धडा.’

हसलो. माझ्या जागेवर बसलो. डोळे मिटले.

‘ब्रेक!’ ती ओरडली – थेट माझाच आवाज.

‘दाबा.’

‘दाबलाय.’

‘बाबा, दाबा.’

‘अगं, दाबलाय म्हणतो ना!’

ती रडायला लागली. मी डोळे उघडले. पाय मॅटवर होता.