मागच्या खोलीतला चिखल

१९ जुलै

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि पोरगी खुशाल असाल असं धरून चालते, कारण चार वर्षांत मी ते विचारलेलंच नाही. माझे गुडघे कुरकुरतात, दात निम्मे उरलेत, जीभ मात्र शाबूत आहे. म्हणूनच फोन केला नाही. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला भांडले असते आणि तू तिसऱ्याला ठेवून दिला असतास.

बातमी अशी की माझ्या मागच्या खोलीत चिखल शिरला. शेजारचा मोकळा प्लॉट विकला गेला. घेणारा बसचा ड्रायव्हर आहे, बायको नर्स, आणि सोबत त्याचे वडील. त्यांनी पाया खणला आणि सगळी माती माझ्या कुंपणाला लावून ठेवली. वर साधी ताडपत्रीही नाही! गेल्या आठवड्यात सकाळी धो धो पाऊस झाला आणि तासाभरात ती माती पातळ होऊन मागच्या दाराखालून आत आली. बाइंडिंगला आलेली लायब्ररीची चाळीस पुस्तकं खालच्या फळीवर होती. घोटाभर चिखलात उभी राहून मी ती एकेक उचलली. फुगून दुप्पट झाली होती. तीस वर्षं हे काम करतेय, पण मला रडू आलं.

मग मी काय केलं असेल ते तुला सांगायला नको. कुंपणाशी जाऊन तोंडाचा पट्टा सोडला. ड्रायव्हर हात जोडून उभा होता, पण मी थांबतेय कसली! दुपारी पालिकेत तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आला, पाहणी केली, मला चार प्रश्न विचारले आणि त्यांचं काम बंद करून फाटकाला नोटीस चिकटवून गेला. मी घरात येऊन मस्त चहा केला.

संध्याकाळी ती नर्स आली. ड्युटीवरून थेट आली असावी, खांद्याला डब्याची पिशवी तशीच होती. म्हणाली, "मावशी, माती आमचीच होती. काय करायचं ते सांगा."

हाकलणार होते, पण ओली पुस्तकं माणसाचा राग ओसरेपर्यंत थांबत नाहीत. तिला शिकवलं. ओलं पुस्तक दाबायचं नाही, घाईनं मिटायचं नाही. दहा-दहा पानं सोडवायची, मध्ये टिपकागद घालायचा, तो भिजला की बदलायचा. पोरीचा हात हलका आहे. जखमेवरची पट्टी काढावी तशी ती पानं सोडवते. तेव्हापासून रोज येते. तिच्याच बोलण्यातून कळलं की भाड्याचं घर सोडून तिघंही प्लॉटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतायत. पावसाचा जोर वाढायच्या आत निदान एका खोलीवर छप्पर घालायचं ठरलं होतं. सासऱ्यांना दमा आहे. त्यांची छाती वाजते ती मला कुंपणाच्या अलीकडे ऐकू येते.

परवा पानं सोडवता सोडवता तिनं सहज विचारलं, "मावशी, पाऊस काय आजचा आहे? आधी हे पाणी जायचं कुठून?"

"कोण जाणे," मी म्हटलं, आणि माझ्या हातातलं पान फाटलं. माझ्या हातून!

धाकट्या, इथपर्यंत यायला मी तीन कागद फाडलेत. आता लिहूनच टाकते. इन्स्पेक्टरनंही हेच विचारलं होतं, इथे पूर्वी नाली होती का म्हणून. मी सही करून लिहून दिलं की या बाजूला नाली कधीच नव्हती. म्हणून तर सगळा दोष त्यांच्यावर आला आणि काम बंद पडलं.

तू तीन दिवस खपून खणलेली नाली रे. पाण्याच्या नळीनं उतार तपासत, पाइप टाकत तू ती रस्त्यापर्यंत नेली होतीस. "ताई, खोली वाढवायची तर पुढे वाढव, मागे पाण्याला जायला जागा ठेव," एवढंच तू म्हणाला होतास. त्यावर मी म्हटलं, "तू प्लंबर आहेस, नळ दुरुस्त कर. मला घर बांधायला शिकवू नकोस." आणि तू बाहेरगावी कामाला गेल्यावर गवंडी बोलावून नाली भरली, वर भिंत चढवली. तू आलास, भिंत पाहिलीस, चहा न पिताच गेलास. त्यापेक्षा भांडला असतास तर बरं झालं असतं. नंतर चार वर्षं प्लॉटवरच्या गवतानं पाणी पिऊन माझी लाज राखली, आणि मी नातेवाइकांना सांगत फिरले की भावाला बहिणीचं बरं बघवत नाही. ते खोटं होतं. मला त्याची फार लाज वाटते.

आज सकाळी शेजारचे आजोबा काठी टेकत दारात आले. "बाई, आमच्यामुळे तुमच्या कामाची नासाडी झाली. माफी मागायला आलोय." एवढं बोलायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तशीच पालिकेत गेले.

नवा जबाब लिहून दिला. नाली होती, भावानं खणली होती, मी बुजवली. आता त्यांनी माती झाकायची, मी नाली मोकळी करायची, मग फाटकावरची नोटीस हटेल आणि त्यांचं काम सुरू होईल. मागची भिंत पाडावी लागणार. क्लार्कनं चष्म्यावरून बघत विचारलं, "खोली वाचवायला खोटं लिहिलंत का, बाई?"

"नाही हो," मी म्हटलं. "खोली पुन्हा बांधता येते. पण नाली होती म्हटलं असतं, तर भावाचं बरोबर होतं असंही म्हणावं लागलं असतं."

तो हसला. मला हसू आलं नाही.

शुक्रवारी गवंडी येतोय. तुझा पाइप कुठे वळतो ते मला आठवत नाही. यायला जमणार नसेल तर कागदावर काढून पाठव. तू म्हणशील तिथेच खणेन, तोंडातून अक्षर काढणार नाही. पण येच. नालीसाठी म्हणून ये. म्हणजे मला सकाळपासून दारात उभं राहता येईल, आणि कोणी विचारलंच तर सांगता येईल की प्लंबर यायचाय.

चुकलेली,
तुझी ताई