अव्वाच्या छातीतला आवाज

अव्वा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आता नीट आठवत नाही. हात मात्र दिसतात. शाळेत पाठ केलेल्या कवितांतल्या आयांचे हात मऊ असत. तुझे मऊ नव्हते, लांब होते, आणि सैल. सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत कासार तुझा पंजा नुसता दाबायचा आणि लहान मापाची बांगडी सरकन आत जायची. "अक्का, हाडं घरी ठिवून आलाय व्हय?" म्हणायचा. आपल्या धाकटीचेही हात तसेच निघाले, तेव्हा सगळ्या गल्लीनं तिला नशीबवान ठरवलं.

सत्तरच्या दशकात, तू जाऊन बराच काळ लोटल्यावर, मी तिला डोळे दाखवायला दवाखान्यात नेलं. डोळ्याच्या डॉक्टरांना आतलं भिंग जागेवरून सरकलेलं दिसलं. त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांना बोलावलं. ते अशा उंच, सडसडीत माणसांच्या घराण्यांवर संशोधन करत होते. "अंगठा मुठीत धरा," ते तिला म्हणाले. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आई अचानक गेल्या का? पाठीत फाटल्यासारखं झालं, असं म्हणाल्या होत्या?" चुलीपुढं भाकरी थापताना तू हात थांबवून "पाठीत कायतरी फाटलं रं" म्हणालीस, तेव्हा घरात मी एकटाच होतो. ते शब्द मी कुणालाच सांगितले नव्हते. आणि हा परका माणूस जणू त्या दिवशी आपल्या उंबऱ्यात उभा होता.

"काही घराण्यांत शरीर बांधून ठेवणारा धागाच कच्चा असतो. हृदयातून निघणारी मोठी धमनी फुगत जाते, मग चिरते. आम्ही अजून शोधतोच आहोत. पण हिला बाळंतपण सोसेल, असं वाटत नाही." धाकटीचं लग्न ठरलेलं होतं. तीच म्हणाली, "मोडू दे की, अण्णा. अव्वाला काय झालं हुतं ते तरी कळलं."

डॉक्टर नळी माझ्या कानांना लावतात. "ऐका." तिच्या प्रत्येक ठोक्यामागं एक ओला सुस्कारा येतो. मी ओळखतो तो. लहानपणी तुझ्या छातीवर कान ठेवून मी त्यावरच झोपायचो. सगळ्याच आयांच्या आत असं कुणीतरी श्वास टाकतं, असं वाटायचं. तुझ्याबरोबर जळून गेलेला तो आवाज माझ्या कानात चालूच राहतो, आणि समोर धाकटी विचारते, "काय ऐकू येतंय रं?"

पुढं शोध लागत गेले. पुण्याला तिची ती धमनी काढून कापडाची नळी बसवली. "सोलापूरच्या चादरीची असती तर धुऊन-धुऊन बी टिकली असती," म्हणते. आता पलीकडच्या खोलीत ज्वारी निवडतेय. तुझ्याहून कितीतरी म्हातारी झाली.

धाकटीचा सुस्कारा ऐकवला त्या दिवशी डॉक्टरांनी माझीही छाती तपासली. बराच वेळ ऐकून म्हणाले, "तुमचं स्वच्छ आहे. काहीच नाही." धाकटीनं हात जोडले, मीही जोडले. हे पत्र तुला पोचायचं नाही आणि तिला दाखवायची माझी छाती होत नाही. "काहीच नाही" ऐकून मला तिचा हेवा वाटला, अव्वा. अजून वाटतो.