डांबर लागलेला फ्रॉक

दि. ४ मे

प्रिय धाकटीस,

ताईचा सलाम. मी बरी आहे, तूही बरी असशील.

आता ऐक. शाळेच्या शंभर वर्षांवरचं तुझं पुस्तक कारकुनाने मला छापायच्या आधी आणून दिलं. म्हणाला, तुमच्या बहिणीने लिहिलंय, वाचा. ओळीखाली बोट धरून वाचायला चार दुपारी गेल्या. अँग्लिकन मिशनच्या तीन मडमा आल्या, भाड्याच्या दोन खोल्यांत अकरा मुली घेऊन बसल्या, हे आहे. चॅपलची घंटा कुठून आली ते आहे. कुठल्या मिसने कुठलं झाड लावलं तेही आहे. लाँड्री मात्र अख्ख्या पुस्तकात दीड ओळ. दोनशे मुलींच्या चादरी शंभर वर्षं काय आपोआप धुतल्या गेल्या? सख्खी बहीण तिथे सोड्याच्या पाण्यात उभी आहे, हे तुला आठवू नये?

राहू दे. त्यासाठी मी कागद खराब करत नाही. पुढच्या वर्षी मला घरी बसवणार आहेत. बसवू देत. गुडघे गेलेत, बोटांना भेगा पडल्यात, आणि नवीन मशीन माझ्यापेक्षा कमी कुरकुरतं. मी दमलेय, बाई. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, म्हणून लिहितेय.

पान एकतीस. ते मी दोनदा वाचलं. मुली रविवारी दुपारी, घरी पत्रं लिहायच्या तासाला, मागच्या भिंतीवरून सिनेमाला पळायच्या. मोठ्या मिसनी कुणाला न सांगता भिंतीच्या माथ्याला डांबर फासून घेतलं. सोमवारी लाँड्रीच्या टोपलीत डांबर लागलेला फ्रॉक निघाला, कॉलरच्या आत शिवलेल्या नंबरावरून मुलगी सापडली, तिला घरी पाठवलं. हे तू गंमत म्हणून लिहिलंयस. आणि खाली, 'शिस्त कडक होती, पण न्याय चोख होता.' हे लिहिताना तुझा हात कसा चालला गं?

ती मुलगी गेल्या बुधवारी आली होती. पेटीवाली. चॅपलमध्ये पेटी वाजवायची म्हणून सगळ्या तिला तेच म्हणायच्या. आता केस पिकलेत, तुझ्यासारखेच, फक्त तू रंगवतेस. सोबत तिची तेरा वर्षांची मुलगी. शाळेच्या ऑफिसातून निघून सरळ लाँड्रीच्या दारात आली आणि म्हणाली, अजून तुम्हीच का इथे. मी स्टूल दिलं.

मुलीला इथे घालायचंय. जुन्या विद्यार्थिनींच्या मुलींना आधी घेतात, म्हणून तिने फॉर्मवर स्वतःचं नाव लिहिलं. कारकुनाने जुनं रजिस्टर काढलं. तिच्या नावापुढे लाल शाईत लिहिलंय, पळून गेल्याबद्दल व खोटे बोलल्याबद्दल काढले. कारकून तिला म्हणाला, बाई, हे असताना कसं जमायचं. यादी वीस तारखेला लागते.

मी म्हटलं, दुसऱ्या शाळा काय कमी आहेत?

"माझं एक वर्ष इथे राहिलंय," ती म्हणाली.

बाप डॉक्टर होता ना तिचा. त्याने शाळाच बंद केली. खोटारड्या पोरीला शिकवून काय करायचं, म्हणाला. अठराव्या वर्षी लग्न. आता घरी बसून दुसऱ्या कुठल्या शाळेचे युनिफॉर्म शिवते. त्या रविवारी ती चॅपलमध्ये एकटी पेटी वाजवत बसली होती, कुणी पाहिलं नाही. हा फ्रॉक माझा नाही, म्हणून तिने शंभरदा सांगितलं होतं. मोठ्या मिस म्हणाल्या होत्या, नंबर खोटं बोलत नाही. हे सांगताना ती हसली. मुलीलाही हसू आलं. म्हणाली, "आई, गेली असशील गं सिनेमाला. आता तरी कबूल कर."

मी इस्त्रीकडे वळले. काय करणार?

तुला माहीत नाही ते लिहिते. तो फ्रॉक त्या सोमवारी सकाळी माझ्याच हातात आला. नंबर बघायची गरजच नव्हती, बगलेतलं ठिगळ मीच लावलेलं. मोठ्या मिस दहा वाजता टोपल्या बघायला येणार होत्या. मी कामाला होते म्हणून तुला फुकट ठेवलं होतं. तुला काढलं असतं तर दोघी फाटकाबाहेर, आणि आई अंथरुणात. मी तुझ्या फ्रॉकची नंबराची पट्टी उसवली आणि तिथे टोपलीतल्या पेटीवालीच्या फ्रॉकची शिवली, तुझी तिच्याला. माप तुझंच होतं तिचं. वाटलं, डॉक्टरची मुलगी आहे, फार तर ओरडा खाईल. दहा-बारा टाक्यांचं काम, चहा निवेपर्यंत झालं.

तिला ट्रंक-वळकटीसह फाटकाकडे नेलं तेव्हा तू प्रार्थनेच्या रांगेत होतीस. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराने आलीस आणि विचारलंस, "ताई, माझा नंबर कसा नाही निघाला?" मी म्हटलं, "अभ्यास कर." तीस वर्षांत आपलं त्यावर एवढंच बोलणं झालं.

केलास अभ्यास. दुसऱ्या गावात शाळेची मुख्याध्यापिका झालीस, इथल्या माजी विद्यार्थिनींची अध्यक्ष झालीस. मला त्याचं वाईट वाटत नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही गप्प बसले असते. पण गप्प बसणं वेगळं, आणि छापून न्याय चोख म्हणणं वेगळं.

अठरा तारखेला सकाळी मी आताच्या मोठ्या बाईंकडे जाणार आहे. पट्टी मी बदलली, हे सांगणार आहे. काढलं तर काढू देत. पण भिंतीवरून कोण उतरलं ते लाँड्रीवालीने सांगितलं तर चुगली होईल, तू सांगितलंस तर कबुली. बाईंच्या नावाने दोन ओळी लिही, खाली सही कर. रजिस्टरातली लाल शाई त्याच खोडू शकतील, आणि तुझ्या शब्दावर खोडतील. पान एकतीस खरं लिही, नाहीतर काढून टाक. लाँड्रीची दीड ओळही काढलीस तरी चालेल.

तुझं पत्र नाही आलं तरी मी जाणार. विचारलं तर तुझं नाव सांगणार. तुझ्यावर राग म्हणून नाही. तिची मुलगी तिच्याकडे बघून हसली, ते मला आता पाहवत नाही.

सतरा तारखेच्या दुपारच्या टपालापर्यंत वाट बघीन. हो की नाही, तेवढं कळव.

अजून तुझीच,
ताई