शारजा ते आसेगाव, दोन दिवस

३ फेब्रुवारी, मंगळवार

लहान्या भावाचा, उत्कर्षचा फोन. म्हणे, "दादा, शारजावरून नागपूरले विमान किती घंट्यात येते?" आतापर्यंत कधी नाही विचारलं! म्हणलं, काहून? तं म्हणे, "असंच. पोट्टे विचारत होते."

असंच?

४ फेब्रुवारी

आज मायनंही तेच विचारलं! "एकदम निघाला तं घरी कवा पोचशीन बाप्पा?" मागून बाबा खेकसले — "जास्त बोलू नको, ठेव तो फोन." ठेवला!

काहीतरी शिजून राह्यलं. स्नेहाच्या लग्नाचंच असन. मागल्या साली रिसोडकडचं स्थळ मी फोनवरूनच मोडलं. पोरगा पेताड होता. तवापासून घरचे मले काही सांगत नाहीत. पण एकच बहीण हाय. तिचं लग्न मी उभा असल्याशिवाय होणार नाही. नाहीच!

५ फेब्रुवारी

उत्कर्षले सांगून टाकलं — दोन दिवस लागतात. मुंबईत विमान बदला, रात्र काढा. सारं खोटं! अडीच हजार किलोमीटर, साडेतीन घंटे, खाली उतरलं की समृद्धी महामार्ग हायच. आमच्या इकडून पुण्याची ट्रॅव्हल्स याहून जास्त टाइम घेते. पण त्यायले कायले सांगू? बेसावध राह्यले तं सापडतीन.

खोलीतला मोहनसिंग मानोऱ्याकडचा, तांड्यावरचा. हसून हसून लोळला. "घरच्यायवरच धाड टाकतं काय बे?"

टाकतो!

६ फेब्रुवारी

स्नेहाले फोन लावला. मागं बाया हसत होत्या.

"कोण आलं?"

"कोणी नाही दादा. तू... तू ये ना लवकर."

आवाज रडका. पोरीवर जबरदस्ती करून राह्यले! फोरमनले म्हणलं, माय सिरीयस हाय. सुट्टी भेटली. रविवारचं सकाळचं तिकीट.

८ फेब्रुवारी, रविवार

विमानतळावर बसलो. फोन बंद. इंडियात उतरल्यावर घंटी वेगळी वाजली तं समजतीन, निघाला म्हणून.

९ फेब्रुवारी

काल घरी स्नेहाचं साक्षगंध होतं, साखरपुडा. पोरगा पुसदचा, मास्तर. स्नेहानंच पसंत केलेला. बाबा म्हणे, "आंधी सांगतलं असतं तं तू फोनवरच मोडलं असतं."

पंगत बसायच्या आंधी पोराकडचे म्हणाले, आता आलोच हाओत तं लग्नही आजच उरकू. आपल्याकडं होतेच तसं. बौद्धाचार्य घरातच बसले होते. पण बाबा अडले. थोरला आल्याशिवाय नाही! तवापासून मले फोन लावून राह्यले होते. बंद. पोराचा बाप भला माणूस. म्हणे, "बलवा त्याले. रात्रीपर्यंत थांबतो आमी."

तवा उत्कर्ष म्हणला, "कायले थांबता? दादाले दोन दिवस लागतात."

चार वाजता लागलं लग्न.

मी मंगरूळपीरवरून ऑटोत येत होतो. आसेगावच्या फाट्यावर फुलं लावलेली गाडी समोरून आली. रस्ता अरुंद. मीच ऑटोवाल्याले म्हणलं — घे बाजूले, जाऊ दे त्यायले.