ताईच्या फुल्या

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पुस्तक येऊन महिना झाला आणि वाचकांची पत्रं गठ्ठ्याने येतायत, की काही डोक्यात शिरलं नाही. वेधशाळेतल्या सहकाऱ्याने विचारलं, या वेळी ताईंनी वाचलं नव्हतं का. न कळलेल्या ओळीपुढे तू समासात पेन्सिलीची फुली मारायचीस, मी ती ओळ पुन्हा लिहायचो. सहा पुस्तकं अशी झाली. यंदा समास कोरे आले आणि मी शहाणा शेफारलो, की आता आपल्याला लिहिता येतं.

काल भाचीने सांगितलं, की हस्तलिखित तुझ्याकडे यायच्या आधी माझ्या एका व्याख्यानाला तू शेवटच्या रांगेत बसली होतीस. म्हणजे तो विनोद ऐकलास: ‘माझी बहीण विचारते, तारा विझला तर आपल्याला कळवतं कोण?’ लोक हसतात, मग मी विषयाला हात घालतो. दहा वर्षं हे चाललंय. लाजेने मान वर होत नाही. रागाव, पण पुढचं हस्तलिखित वाचशील ना? तुझ्यावाचून माझं घोडं अडतं.

तुझ्या लोभाला पात्र उरलो असेन तर,
तुझा भाऊ

ता. १७ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. व्याख्यानात तू हातवारे फार करतोस, हे आधी सांगून टाकते.

तुझ्या पुस्तकातलं तिसऱ्या पानापासून काही कळलं नव्हतं. पण म्हटलं, आपल्या फुल्यांवरही लोक हसत असतील.

मी तो प्रश्न कधी विचारला, आठव. हे बोटीवर नोकरीला होते. तिकडेच वारले, आणि कंपनीचा निरोप अकरा दिवसांनी आला. त्या अकरा दिवसांत मी यांचे सदरे धुतले, बटणं लावली, यांना पत्रही टाकलं. तू भेटायला आलास तेव्हा विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस, डायरीत काहीतरी टिपून घेतलंस. मला वाटलं, विचार करतोयस.

हस्तलिखित पाठव. तेवढी माया अजून आहे.

तुझी ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हस्तलिखित राहू दे, आधी तुझं उत्तर. कळवत कोणीच नाही, ताई. ताऱ्याचा उजेड इथवर यायला वर्षानुवर्षं लागतात. तो विझला तरी वाटेतला उजेड येत राहतो, आणि आपण तो आहेच असं धरून चालतो. त्यात आपली काही चूक नसते.

एवढं मला त्या दिवशीही सांगता आलं असतं. पण तू विचारलंस आणि मनात पहिलं हेच आलं, की हा प्रश्न व्याख्यानात छान खपेल.

लोभ ठेव म्हणायची हिंमत होत नाही.

तुझा भाऊ