माझ्यामुळे सुटलेला खर्रा

३ नोव्हेंबर, सोमवार
प्रोफेसरपदाच्या अर्जात यंदा नवा रकाना आहे: तुमच्या संशोधनाचा समाजावर काय परिणाम झाला, पुराव्यासह दाखवा. समिती सतराला येणार. सलील सर म्हणाले, पेपर छापले ते ठीक, त्यानं कोणाचं भलं झालं का? सलील माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा, पण फाईली त्याच्या ताब्यात, म्हणून सर.

मला चिंता नाही. माझी पीएच.डी.च मुळी तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडण्यात नामस्मरणाचा उपयोग यावर आहे. तलफ आली की नाम घ्यायचं. मुकुटबनला त्यासाठी सभा घेतल्या होत्या. अख्ख्या गावाचा खर्रा सुटला असणार.

देवापुढे दिवा लावून संकल्प केला: समिती जाईपर्यंत मीही खाणार नाही. तसा मी खात नाहीच. फील्डवर्कमध्ये लोकांशी जवळीक व्हावी म्हणून सुरू केला. फील्डवर्क संपलं, पण जवळीक एकदम तोडणं बरं दिसत नाही.

५ नोव्हेंबर
संकल्प व्यवस्थित. दुपारी एकच, तोही जुना डेटा आठवावा म्हणून. सकाळी जांभई अर्ध्यात अडकली. थंडी पडायला लागली आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
मारुतीचं दर्शन घेऊन मुकुटबन. मोबाईलमध्ये जागा आणि तारीख छापणारा कॅमेरा टाकून घेतला. समितीला साधा फोटो चालत नाही.

आधी बळीरामचा पानठेला. मला पाहून उठून उभा राहिला. म्हणे, सर, तुमच्या सभेनं लय आधार होता जी. सभा सुटली का सारेच्या सारे इकडेच येत. तुम्ही काहून बंद केली?
हाही परिणामच. पण रकान्यात बसत नाही.

भीमसिंग माझ्या सभेतला पहिला माणूस. नाम रोज घेतो. खर्राही खातो. म्हणे, रिकाम्या तोंडानं देवाचं नाव घ्याले मन लागत नाही.
निम्मं यश.

बळीरामने प्लास्टिकच्या पन्नीवर घोटलेला खर्रा पुढे केला. माणसाचं मन मोडवलं नाही.

९ नोव्हेंबर
फाईलीत लिहिलं: गावात नामस्मरणात लक्षणीय वाढ. बायकोने, सुनीतीने, जेवताना विचारलं, घास एवढासा काहून करता? म्हटलं, पन्नाशी आली, सावकाश जेवावं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
बळीरामचा फोन. गावातल्या मारोतरावांनी खर्रा सोडला, वर्ष होत आलं. कारण विचारलं तर म्हणतात, सराच्यानं. परत विचारलं, नक्की माझ्यामुळे? म्हणे, तुमचंच नाव घेतात जी.
डोळ्यांत पाणी आलं. खेड्यातल्या शाळेत पाटीवर शिकलेला मी. देवाने लाज राखली. सलील सर म्हणाले, फोटो सोडा, माणूसच आणा.
आनंदाच्या भरात दोन झाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार
समिती. मारोतराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. अध्यक्ष मॅडमनी विचारलं, सरांच्या पद्धतीतलं नेमकं काय उपयोगी पडलं?

मारोतराव म्हणाले, पद्धत-बिद्धत मले नाही समजत बाई. मागच्या साली लग्नात सर माह्याच पंगतीत बसले होते. लाडू तोंडात जाऊन नाही राह्यला. चुरून चुरून, बोटानं ढकलून खाल्ला यायनं. मी म्हटलं, एवढा शिकलेला माणूस, साऱ्या गावाले खर्रा वाईट म्हून सांगते, अन् खर्रा खाऊन खाऊन याचंच तोंड उघडत नाही. घरी आलो अन् पन्नी चुलीत टाकली.
मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, सर, तुम्ही बी सोडा जी आता.

मॅडमनी मला तोंड उघडायला सांगितलं. उघडलं. त्या म्हणाल्या, पूर्ण उघडा. म्हटलं, एवढंच आहे.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं. मॅडमनी रकान्यात लिहिलं: परिणाम सिद्ध.

१८ नोव्हेंबर
सलील सर म्हणतात, प्रोफेसरपद पक्कं. सुनीतीने न विचारता दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

आज पहिल्यांदाच माझी पद्धत स्वतःवर लावून पाहिली. तलफ आली की नाम. सकाळपासून अखंड नाम चालू होतं, वर्गावर शिकवायलाही उसंत मिळाली नाही. दुपारी लक्षात आलं, पद्धत चालत नाही.
समिती कालच येऊन गेली ते बरं झालं.