गरज सरली नाही तरी

४ फेब्रुवारी

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

घरात फोन असताना पत्र लिहायची हुक्की वहिनीला कुठून आली, असं म्हणशील. फोनवर नाना स्पीकर लावून बसतात आणि मी मजेत आहे हे दोनदा ऐकल्याशिवाय ठेवू देत नाहीत. सासरे आहेत, पण वडिलांच्या वरताण काळजी करतात. म्हणून मजेचं तेवढं फोनवर आणि उरलेलं पत्रात, असं मी ठरवलंय. पत्र तुझ्या शिलाईच्या दुकानावर पाठवते आहे. वाचून कापडाच्या गठ्ठ्यात कुठेतरी कोंब.

उरलेलं असं. जुलैअखेर माझं इथलं प्रशिक्षण संपतं. परीक्षा झाली, फॅमिली डॉक्टर म्हणून पक्की झाले, आणि प्रशिक्षणाबरोबर व्हिसाही संपतो. पुढे राहायचं तर एखाद्या दवाखान्याने मला नोकरी देऊन व्हिसासाठी स्पॉन्सर करायला हवं. यात अवघड काय, असं मला वाटलं होतं. मी शिकते त्याच दवाखान्याच्या दारावर 'डॉक्टर पाहिजेत' अशी भलीमोठी पाटी आहे आणि मी रोज तिच्याखालूनच आत जाते. पेशंटना महिना महिना नंबर मिळत नाही. मोठ्या डॉक्टरांना विचारलं, मला ठेवून घेता का. म्हणाले, तुझ्यासारखी डॉक्टर शोधून सापडायची नाही, पण बाहेरच्या देशातलं माणूस ठेवायचा परवाना आमच्याकडे नाही. मी म्हटलं, मग काढा की. तर म्हणाले, ते फार किचकट असतं. झालं, विषय संपला. ते चहा प्यायला निघून गेले.

जिथे जिथे अर्ज केला तिथे हेच. पाटी आहे, पेशंट आहेत, परवाना नाही. चिमणीचं शाळेचं शेवटचं वर्ष आता सुरू होईल. ऐन वेळी पोरीला उपटून न्यायची म्हणजे तिची सगळी मेहनत पाण्यात. तुझा दादा रोज मला धीर देतो आणि स्वतः अंघोळीला गेला की नळ सोडून नुसता उभा राहतो.

नानांचे पाय दुखत होते, ते कसे आहेत? फोनवर विचारलं की ते हवापाण्याचं बोलतात.

लोभ वाढला नाही तरी चालेल, पण आहे तेवढा आटू देऊ नकोस.
तुझी वहिनी

१७ फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि एका गिऱ्हाइकाच्या झंपराची बाही उलटी जोडली, इतका संताप आला. गरज सरो वैद्य मरो असं आपण म्हणतो. त्या लोकांची तर गरज सरलीसुद्धा नाही, तरी वैद्य मरो! उद्या मी दुकानावर 'शिवणारी पाहिजे' अशी पाटी लावली आणि आलेल्या बाईला म्हटलं, बाई, तुझा हात फार सफाईचा आहे, पण तुला सुई द्यायची तर मला कपाट उघडावं लागेल आणि ते फार किचकट असतं, तर लोक मला दगड मारतील. तुझ्या मोठ्या डॉक्टरला मात्र कुणी काही म्हणत नाही. चहा पितो म्हणे!

माझं ऐक, सरळ निघून ये. दुकानाचा पुढचा भाग तुला देते. मी मागे मशीन चालवीन, तू पुढे पेशंट तपास. कुणाच्या परवान्याची गरज नाही. इथल्या माणसांना काय ताप येत नाही?

नानांचं आता खरं सांगते, कारण त्यांनी सांगू नकोस म्हणून बजावलंय. पाय गुडघ्यात नाही, मांड्यांत दुखतात. खुर्चीतून उठताना दोन्ही हात रेटतात, पहिल्या खेपेला परत खाली बसतात आणि मग चष्मा शोधत होतो असं म्हणतात. चष्मा डोळ्यांवर असतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरची नजर न काढता सांगितलं की वय झालं. आता वय झालं हे कळायला मला पैसे देऊन डॉक्टरकडे जायचं काय कारण?

मी तापट आहे, पण तुझीच आहे.
मिरची

११ मार्च

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

दुकानाचा पुढचा भाग देतेस हे वाचून डोळे भरून आले. पण यायचं झालं तर मी माझ्या मनाने येईन. कुणी दार लावलं म्हणून परत आले, तर जन्मभर ते दार माझ्या पाठीला चिकटून राहील. हा माझा हट्ट आहे आणि तुझ्या दादाने तो ओळखूनच माझ्याशी लग्न केलंय.

त्यात इथली व्यवस्थापक बाई माझ्यावर डाफरते. इथे डॉक्टरने खोलीत बसून बटण दाबायचं, बाहेर पडद्यावर नाव उमटतं आणि पेशंट आत येतो. मी बटण दाबत नाही. उठून बाहेर जाते आणि नावाने हाक मारते. माणूस खुर्चीतून कसा उठतो, कुठला पाय आधी टाकतो, हाताने काय धरतो, यात मला अर्धा आजार दिसतो. बाई म्हणते, यात वेळ जातो. मी तिला म्हटलं, वेळ वाचतो. तिने ते माझ्या उद्धटपणाचं उदाहरण म्हणून मोठ्या डॉक्टरांना सांगितलं.

आता नानांचं. तू लिहिलंस तसं ते उठत असतील तर मला ते वय वाटत नाही. त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे. तिचा जोर मध्यंतरी वाढवला होता का, ते बघ. त्या गोळीने काही जणांचे स्नायू दुखतात, कमजोर होतात. दोन्ही हात छातीवर दुमडून त्यांना खुर्चीतून उठायला सांग. जमत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे ने आणि स्नायूंची रक्ततपासणी करायला लाव. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि लघवीचा रंग गडद वाटला तर माझ्या पत्राची वाट न पाहता हॉस्पिटल गाठ.

राग कर, पण जेवत जा.
तुझी वहिनी

२६ मार्च

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नानांना उठून दाखवा म्हटलं असतं तर त्यांनी मलाच उठवून बाहेर घालवलं असतं. म्हणून टेप घेऊन गेले. म्हटलं, तुमच्यासाठी कोट शिवायचा आहे, हात छातीवर दुमडा, पाठीचं माप घेते. पाठीचं माप असं घेत नाहीत हे त्यांना काय माहीत. मग म्हटलं, तस्सेच उभे राहा. वहिनी, ते उठू शकले नाहीत. दोनदा झोका घेतला आणि माझ्याकडे असे बघत राहिले की टेपवरचे आकडे मला दिसेनासे झाले. आधी मी रडले, मग मला राग आला, आणि त्या रागातच त्यांना रिक्षात घातलं.

डॉक्टर याही वेळी कॉम्प्युटरशीच बोलत होते. मी टेबलावर टेप आपटली. तेव्हा त्यांनी वर पाहिलं. गोळीचा जोर त्यांनीच मध्यंतरी बेधडक दुप्पट केला होता आणि विसरले होते. तपासणीत सगळं तुझ्या म्हणण्याप्रमाणेच निघालं. गोळी बंद केली. हे कुणी सुचवलं, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, माझ्या वहिनीने, पत्रातून. त्या कुठे प्रॅक्टिस करतात, असं विचारलं. म्हटलं, जिथे त्यांना ठेवायला कुणी तयार नाही तिथे.

इतक्या लांबून तुला दिसलं आणि समोर बसलेल्याला दिसलं नाही. आणि परवाना मात्र तुझ्याकडे मागतात! कोटाचं कापड आणलंय, कारण नाना आता रोज विचारतात.

तुझी, टेप घेऊन लढणारी,
मिरची

२ मे

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

नाना बरे होतील. स्नायूंना भरून यायला थोडा काळ लागतो, त्यांना दामटू नकोस.

मी मात्र हातचं घालवून बसले आहे. एका लहानशा गावात मुलाखत होती. पाटी तिथेही होती, उन्हाने फिकी झालेली. मी पेशंटांच्या खुर्च्यांवर बसले होते. तुझा दादा शेजारी माझी फाइल छातीशी धरून. कुणीतरी येऊन आत बोलावील म्हणून वाट बघत होते, तर तिथल्या मोठ्या डॉक्टर, साठीच्या बाई, स्वतः बाहेर आल्या आणि त्यांनी मला नावाने हाक मारली. मी उठताना त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्या चालताना मी त्यांच्याकडे. खोलीपर्यंत पोचेस्तोवर मला राहवलं नाही. बसायच्या आधीच तोंडातून निघून गेलं की तुमचा डावा खुबा कधीपासून दुखतोय, आणि काठी उजव्या हातात का धरत नाही.

बाई काठी बाजूला ठेवून खुर्चीत बसल्या. पुढे इकडचं तिकडचं विचारलं, परवान्याचा विषय मीच काढला, त्यांनी नुसतं टिपून घेतलं. परतताना तुझा दादा म्हणाला की लोक मुलाखतीला जाऊन स्वतःचे गुण सांगतात, तू बाईंचं दुखणं सांगून आलीस. चिमणीने न विचारताच तिची पुस्तकं खोक्यात भरायला घेतली आहेत. ते बघवत नाही ग.

दुकानाच्या पुढच्या भागात प्रकाश कसा आहे?
तुझी वहिनी

१४ मे

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

प्रकाश भरपूर आहे, पण तू विचारलंस ते मला आवडलं नाही. तू येणार म्हणून नाचायला हवं होतं, आणि मी काल गिऱ्हाइकांवर खेकसत होते. तू मनाने यायचं म्हणाली होतीस. हे मन नाही, हा थकवा आहे. थकलेल्या माणसाने कापड कापू नये, हा माझ्या धंद्यातला नियम आहे. थोडी थांब. आणि चिमणीला सांग, आत्याने खोकी उघडायला लावली आहेत.

मिरची

२० जून

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

खोकी उघडली. त्या बाईंनी मला घेतलं!

त्यांनी स्वतः फोन केला. म्हणाल्या, वर्षभर मी लंगडते आहे, सगळे बघतात, विचारलं कुणीच नाही. ऑपरेशन करायचंय, पण मागे दवाखाना सोपवावा असं माणूस मिळेना, म्हणून ढकलत होते. परवान्याचं मी भीत भीत विचारलं. तर म्हणाल्या, तो आला की. तू गेलीस त्याच आठवड्यात अर्ज भरायला बसले होते.

मिरची, एवढंच होतं ग. कुणीतरी खुर्चीत बसून अर्ज भरायचा, फी भरायची आणि काही आठवडे थांबायचं. या एवढ्याशासाठी मी झोप घालवली, पोरीने पुस्तकं बांधली, तुझ्या दादाने नळाचं पाणी वाया घालवलं. आनंद व्हायच्या आधी मला इतका संताप आला की मी स्वयंपाकघरात एकटीच मोठमोठ्याने भांडले. कुणाशी, ते विचारू नकोस.

आणि पुढचं ऐक. मी जाणार हे कळल्यावर आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, थांबत असशील तर आम्हीही परवाना काढतो, तसं फार अवघड नसतं ते. मी त्यांना म्हटलं की किचकट असतं म्हणे. ते हसले. मी हसले नाही. बाहेर आले आणि पुढच्या पेशंटला नावाने हाक मारली.

नानांना आता फोनवर खरोखरचंच मजेचं सांगता येईल.
तुझी वहिनी

३ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. तू दूरच राहणार म्हणून रडले आणि त्या हसणाऱ्या डॉक्टरला शिव्या घातल्या. दोन्ही मनापासून.

पण घोळ झाला आहे. नाना परवा कोट घालून बघायला म्हणून आपण होऊन दुकानात आले, पायऱ्या चढून. मी चहा सांगायला गेले तेवढ्यात त्यांनी अस्तराचं कापड बघावं म्हणून गठ्ठा उचलला. मी परत आले तर तुझी सगळी पत्रं त्यांच्या मांडीवर. माझ्यावर इतके भडकले की शेजारचा दुकानदार डोकावून गेला. मग त्यांनी कागद मागितला. खालचं त्यांनी लिहिलंय, मी एक अक्षर बदललेलं नाही.

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. मी खुर्चीतून हात न लावता उठलो आणि हे उभ्यानेच लिहितो आहे. म्हाताऱ्याला झेपणार नाही असं ठरवून तुम्ही दोघींनी मला इतके महिने मजेच्या गोळ्या दिल्यात, याचा मला फार राग आलेला आहे. त्याही आता बंद करा. रविवारी फोन कर आणि काय झालं ते पहिल्यापासून सांग. स्पीकर लावणार नाही.